उलाळ

माझ्या संगणकात एक एक्सेल फाइल आहे. तिचं नाव 'गाडी अंतिम 4'. आधीच्या तीन अंतिम कशा होत्या ते विचारू नका. हिच्यात 17 ओळी आहेत, 14 रकाने आहेत, आणि ती बनवण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. विषय एकच : जंगलातले ओंडके क्वाड बाईकमागे (म्हणजे चार जाड चाकांच्या मोटारसायकलमागे) लावून घरापर्यंत आणायला छोटी गाडी कुठली घ्यावी? स्वीडिश भाषेत तिला 'टिम्मरव्हांग्न' म्हणतात. शब्द उच्चारतानाच तोंडात ओंडका अडकतो.

दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड भागात, वेक्शो शहरापासून अर्ध्या तासावर आम्ही घर घेतलं. घराबरोबर दोन हेक्टर जंगल आलं. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी ही बातमी 'पोरानं पाच एकर घेतलं' अशी पोचली आणि आबांची, म्हणजे वडिलांची, मान ताठ झाली. त्या पाच एकरांत ऊस येत नाही, दगड येतात, हे मी अजून सांगितलेलं नाही. इथल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या दगड वेचून बांध घातले, आणि कंटाळून त्यांतले बरेच जण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला निघून गेले. दगड मात्र मागेच राहिले.

2022च्या हिवाळ्यात विजेचं बिल बघून आम्ही लाकडाच्या शेगडीकडे वळलो. जंगलात बर्च भरपूर, शिवाय वाऱ्यानं आडवे झालेले स्प्रूस. ते तसेच पडू दिले तर उन्हाळ्यात त्यांच्या सालीखाली भुंगेरे वाढतात आणि शेजाऱ्याच्या उभ्या झाडांवर चाल करून जातात. म्हणजे सरपण हवं म्हणूनच नाही, तर शेजारधर्म म्हणूनही ओंडके काढायलाच हवेत. आमचे शेजारी ऐंशीच्या घरातले. जानेवारी 2005मध्ये 'गुद्रून' नावाच्या वादळानं दक्षिण स्वीडनमधलं सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड लोळवलं, तेव्हापासून ते काळाचे दोनच भाग पाडतात : गुद्रूनच्या आधी आणि गुद्रूननंतर. आमच्याकडे आबा 'कोयनेच्या भूकंपाच्या आधी' म्हणतात, अगदी तसंच.

पहिल्या वर्षी मी लाकूड हातगाडीवर आणलं. त्याची आठवण म्हणून कंबरेचा पट्टा अजून कपाटात आहे. दुसऱ्या वर्षी क्वाड बाईक चालू झाली. ती घराच्या आधीच्या मालकानं उदारपणे मागे ठेवली होती, कारण त्यालाही ती चालू करता येत नव्हती. इथे मोकळ्या जमिनीवर मोटारगाडी फिरवायला 1975च्या कायद्यानं बंदी आहे; शेती आणि जंगलकामाला तेवढी सूट. त्यामुळे मागे ओंडके असले की मी वनकामगार, नसले की गुन्हेगार. गाडी घेणं हा कायद्याचाच आग्रह आहे, असं मी बायकोला समजावलं.

मग पत्रकं वाचायला बसलो. तीन मीटर लांब, वीस सेंटिमीटर जाड असा बर्चचा ओला ओंडका साधारण 85 किलो भरतो. म्हणजे माझ्यापेक्षा थोडा जड, आणि माझ्यापेक्षा हट्टी. असे दहा ठेवले की साडेआठशे किलो. पत्रकात गाडीची ताकद 1000 किलो. वा! मग क्वाड बाईकचं पुस्तक उघडलं. तिचं स्वतःचं वजन तीनशेच्या आसपास, आणि ओढायची मर्यादा 1000च्या कितीतरी अलीकडे. गाडी विकणारा गाडीबद्दल खरं बोलतो, ओढणाऱ्याबद्दल गप्प बसतो.

रविवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. आबांनी पंचवीस वर्षं बैलगाडीनं कारखान्यावर ऊस घातलाय.

"चाकं किती?"

दोन चाकांची आहे आणि चार चाकांचीही आहे, मी सांगितलं. चारवालीत प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं, एकाच दांडीवर. दांडी मधोमध खिळवलेली. पुढचं चाक दगडावर चढलं की दांडी तिरपी होते आणि वरची गाडी दगडाच्या निम्मीच उचलली जाते.

"म्हंजी चढायचं निम्मं, आदळायचं निम्मं. चांगलंय. आन् जनावर केवढं?"

"तीनशे किलो."

"ओझं?"

"हजार लिहिलंय."

"लिवणाऱ्याला जुंप मग. उतारावर हजार किलो मागनं आलं तर तुजं तीनशे किलोचं जनावर कुठं जाईल?"

मी एक रकाना वाढवला : ब्रेक.

"आन् गाडी पलटी झाली तर?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. काही गाड्यांची पुढची दांडी जोडणीपाशी स्वतःभोवती फिरते. गाडी आडवी झाली तरी क्वाड बाईक उभीच राहते.

"हां. गाडी पडली तर पडू दे, बैल पडाय नको. आन् धुरंला दाब किती राहतोय?"

धूर म्हणजे गाडीची पुढची, जुंपायची दांडी. तिच्यावरचा दाब कुठल्याच पत्रकात नव्हता. "बघतो," म्हणालो आणि विसरलो. घरात काहीही बघायला सांगितलं तर माझं हेच होतं, असं बायकोचं निरीक्षण आहे.

तिचा मुद्दा वेगळाच होता. हायड्रॉलिक क्रेनवाल्या गाडीचा आकडा तिनं पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या पैशात कितीतरी वर्षांचं सरपण कापून, फोडून, रचून दारात येईल."

"पण ते आपल्या जंगलातलं नसेल."

"हो. ते वाळलेलं असेल."

ओलं लाकूड फोडून वर्षभर तरी वाळवावं लागतं, हे मी पहिल्या वर्षी धुरात बसून शिकलो होतो. त्यामुळे गप्प बसलो आणि क्रेनचा रकाना लपवला. एक्सेलमध्ये रकाना पुसायची गरज नसते, लपवता येतो. संसाराला ही सोय हवी होती.

नवी गाडी सुट्या भागांत येते, घरी जोडावी लागते. सुट्या फर्निचरच्या त्या जगप्रसिद्ध दुकानाचं गाव, आल्महुल्त, इथून तासाभरावर आहे. पण शेजारपणानं हातगुण येत नाही. मी जोडलेलं एक कपाट अजून डावीकडे झुकलेलं आहे, आणि त्याच्यावर कोणी ओंडकेही ठेवत नाही. म्हणून जुनीच बघायची ठरली.

शेवटी छापील तक्ता घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. इथे 1960च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांनी सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणायचं असं होऊन गेलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला मी सांगलीकडच्या जिभेनं 'तू' म्हणतो तेव्हा दरवेळी मान आपोआप खाली जाते. त्यांना वाटतं मला मानेचा त्रास आहे. स्मोलंडची माणसं काटकसरीसाठी साऱ्या स्वीडनमध्ये प्रसिद्ध. ही काटकसर शब्दांनाही लागू. त्यांनी तक्ता वरून खालपर्यंत वाचला. मग खिशातून मोजपट्टी काढून माझ्या हातात दिली आणि बांधाकडे बोट दाखवलं. आमच्या जंगलात शिरायची वाट दगडी बांधातल्या खिंडारातून जाते. खिंडार 138 सेंटिमीटर भरलं.

17पैकी 9 गाड्या बांधाबाहेरच बाद झाल्या. तीन महिने मी टायर, स्टील आणि हमी यांची तुलना करत होतो. दाराची रुंदी मोजायचं सुचलं नव्हतं. उरलेल्या आठांपैकी तीन परवडत नव्हत्या, चार तोवर विकल्या गेल्या होत्या. निवड झाली.

एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे ती उभी होती. चार चाकी, बाजूंना उभे खुंट, हातानं फिरवायचं विंच, फिरती दांडी. मी दोनदा प्रदक्षिणा घातली आणि टायरला लाथ मारून बघितली. त्यातून काय कळतं ते मला माहीत नाही, पण सगळे मारतात. त्या शेतकऱ्यानं किंमत सांगितली. घासाघीस करावी म्हणून मी आवंढा गिळला, आणि तेवढ्यात हो म्हणून बसलो. आबांना मी शंभर क्रोना कमी सांगितले.

तोवर मार्च संपत आला होता. आमच्याकडे शेतात शिरायला वाफसा लागतो. इथे ओंडके ओढायचा वाफसा म्हणजे गोठलेली जमीन : दगडासारखी टणक, चाक रुतत नाही, शेवाळ फाटत नाही. तो वाफसा मी एक्सेलमध्ये घालवला. आता बर्फ वितळून जंगलाचं लापशीत रूपांतर झालं होतं. जरा कोरडी चढण बघून पहिली खेप भरली. विंचनं ओढून सहा ओंडके वर घेतले. जिथे आले तिथेच राहू दिले, पट्टा आवळला, फोन हँडलला अडकवला. आबा समोर हजर, मागे आई, तिच्या मागे दोन शेजारी.

चढणीला लागलो आणि क्वाड बाईकचं मागचं अंग हलकं झालं. चाकं गरगरा फिरू लागली, चिखल माझ्या पाठीवर. मागच्या गाडीची दांडी बाईकला वर उचलत होती. मी आणखी रेस दिली.

"थांब! थांब रं, उलाळ झालीया!" फोनमधून आबा ओरडले.

उलाळ. तीस वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता. गाडीत ओझं मागे जास्त झालं की पुढची धूर वर उचलते, बैलांच्या मानेवर जू टिकत नाही, गाडी उलाळ होते. माझ्या 14 रकान्यांत हा रकाना नव्हता.

बांधापलीकडून शेजारी आले. त्यांनी काही न बोलता दांडीवर तळवा ठेवला, खाली दाबून पाहिलं, मान हलवली. आणि मग त्यांनी हातानं 'पुढे, पुढे' अशी खूण केली.

"तेच सांगतूया मी!" आबा म्हणाले. "हे पाव्हणं कोण?"

दोघांनी मिळून मला तीन ओंडके हातभर पुढे सरकवायला लावले. एक स्वीडिशमध्ये, एक मराठीत. सूचना तीच, आणि दोघांनाही एकमेकांचं बोलणं कळलं. मलाच भाषांतर करायला कोणी विचारलं नाही. दांडीवर पुन्हा तळवा ठेवून शेजाऱ्यांनी फोनकडे बघून अंगठा वर केला. मग, बहुधा त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य, ते म्हणाले की त्यांच्या वडिलांकडे लाकूड ओढायला आर्डेनर जातीचा घोडा होता आणि स्लेज भरताना ते नेमके असेच तळव्यानं दाबून बघायचे.

मी आबांना सांगितलं. आबा क्षणभर गप्प झाले.

"इचार त्यास्नी, येकच घोडा? दुसरा कुठं गेला?"