रॅप, वर्गणी आणि कपाळावरची आठी

सप्रेम नमस्कार,

आंदोलनांवर गाऊन त्यांच्यासाठी वर्गणी जमवणाऱ्या डिचोलीतल्या रॅपर पोरांवरचा माझा लेख तुम्हाला रुचला नाही. "हा अमेरिकन आक्रस्ताळेपणा गोव्याच्या मातीत रुजणार नाही, संगीतात राजकारण घुसडलं की दोन्ही नासतात आणि गाण्याने आजवर एक तरी जेसीबी थांबलाय का?" असं तुम्ही विचारलंत. वर 'समाजकार्याच्या नावाखाली स्वतःची जाहिरात' हा टोलाही हाणलात.

तुम्ही फोंड्याचे, नाटकवेडे. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ सालचं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला आणि १९१० साली बंदी आली. ते गद्य नाटक होतं, त्याचा संगीताशी काय संबंध, असं म्हणाल. मग गाण्याचंच उदाहरण घ्या आणि तेही गोव्याचंच. १९६७ च्या जनमत कौलाआधी गायक उल्हास बुयांव गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याविरुद्ध कोकणी गाणी गात फिरले. आपल्या मराठीवादी घरांत त्या गाण्यांचं नाव काढलं की आजही एखाद्या आजोबांच्या कपाळाला आठी पडते. गाणं लागू पडलं होतं याला आणखी पुरावा कशाला? तियात्रातल्या, म्हणजे कोकणी लोकनाट्यातल्या, कांतारांत (गाण्यांत) तर मंत्र्यांची खिल्ली उडवण्याचा रिवाजच आहे. तेव्हा रॅपची चाल बाहेरून आली असेल, खोडी घरचीच आहे.

जेसीबी गाण्याने थांबत नाही, हे कबूल. शेळ-मेळावलीत जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीसाठीची जमीन मोजणी अडवली ती गावकऱ्यांनी, त्यातही बायका पुढे होत्या. मोलेचं अभयारण्य वाचवण्यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रेल्वे रुळांवर बसले. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रेल्वे दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. पण त्याच मोलेतून न्यायची चारशे केव्हीची वीजवाहिनी म्हणजे काय आणि तिच्यासाठी कुणाचं रान जाणार, हे मोलेला कधीही न गेलेल्या म्हापशाच्या पोराला कोण सांगणार? पर्यावरण अहवाल तो वाचणार नाही. तीन मिनिटांचं गाणं ऐकेल.

कोडाईकनालचं पाहा. तिथला हिंदुस्तान युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला. पाऱ्याने आजारी पडलेले कामगार त्यानंतर वर्षानुवर्षं भांडत होते. २०१५ मध्ये सोफिया अश्रफ यांचं रॅप देशभर पोचलं आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. श्रेय कामगारांच्या चिकाटीचं. मात्र तोवर या कामगारांचं नाव न ऐकलेली माणसं त्या गाण्यानंतर कंपनीला जाब विचारू लागली.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे मोठा मंच कोण देतो? सरकारी महोत्सव, कॅसिनो, बिल्डर, दारूचे ब्रँड. त्या मंचावरून मांडवी नदीतल्या कॅसिनोंवर कोण गाईल? ही पोरं लॅपटॉपवर बीट (गाण्यामागचा ताल) बनवतात, कपाटात रजया टांगून आवाज रेकॉर्ड करतात आणि स्वतःच अपलोड करतात. पैसा कुणाचा नाही, म्हणून नाव घेता येतं. पण मग पाठीशीही कुणी नसतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघा रॅपरवर राजकीय गाण्यांपायी गुन्हे दाखल झाले. अशी जाहिरात कोण हौसेने करून घेईल?

वर्गणीच्या बाबतीत मात्र मी तुमच्याहून कडक आहे. 'या गाण्याची सगळी कमाई आंदोलनाला' ही घोषणा ऐकायला गोड, पण स्ट्रीमिंगवर एका ऐकण्यामागे काही पैसेच सुटतात. त्यात वकिलाची फी सोडाच, सुनावणीला जायची बसही भागत नाही. गाणं थेट विकणं बरं. बँडकॅम्प हे गाणी विकायचं संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं आणि मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडतं. त्याहून बरा तिकीट लावून केलेला कार्यक्रम, कारण तिथे पैसे देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. बीट बनवणाऱ्याला आधी त्याचे पैसे द्यावेत, मग उरलेले द्यावेत आणि पावती सगळ्यांना दिसेल अशी लावावी. हे मी त्या पोरांना तोंडावर सांगितलंय. एकाला राग आला, येऊ दे.

त्यांच्या गाण्यांतल्या शिव्यांचं म्हणाल तर काही मलाही नुसत्या भरीच्या वाटतात. यमक जुळत नाही तिथे शिवी, हा आळस आहे.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरली की इथेच टाकेन. तिकीट काढून या आणि निघताना हिशेबाचा कागद मागा. दिला नाही, तर पुढची प्रतिक्रिया आणखी खरमरीत लिहा.