धरणगावच्या भाऊंच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

भाऊ नमस्कार, जळगावच्या दुकानातून मालक स्वतः लिहितोय. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की कॉम्प्युटरच्या सायलेंट फॅनच्या नावावर २,१५० रुपये घेतले, दुकानात शांत होता पण घरी नेल्यावर घूंऽ घूंऽ सुरू झालं, रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम, लावलं की प्रोसेसरचं टेम्परेचर ८८ जातं, लाइटवाले तीन पंखे मागितले ते बसवून दिले नाहीत, स्क्रू सुद्धा न लावता रबर लावून दिलं, आणि ऑनलाइन ३५० ला पंखा मिळतो. तुम्ही घरीच अहिराणी व्हिडिओंचे आवाज रेकॉर्ड करता म्हणून आवाजाचा त्रास तुम्हाला दुसऱ्यापेक्षा जास्त होणार हे मला कळतं, म्हणून एक-दोन ओळीत उरकत नाही, सगळं लिहितो, वाचणाऱ्या बाकी लोकांनाही उपयोग होईल.

आधी आवाजाचं. तुम्ही जो व्हिडिओ पाठवला तो आम्ही हेडफोन लावून ऐकला. आवाज चढतो, दोन-चार सेकंदात उतरतो, परत चढतो. बेअरिंग गेलेलं असलं तर असं होत नाही, तेव्हा खरखर नाहीतर टिकटिक येत राहते आणि स्पीड कमी केला तरी ती पूर्ण जात नाही. हा आवाज स्पीड वरखाली होण्याचा आहे, आणि तो कशाने होतोय ते तुमच्याच स्क्रीनवर दिसतंय, मदरबोर्डचं फॅनवालं सॉफ्टवेअर उघडं आहे आणि त्यात टर्बो, म्हणजे पंखे जोरात फिरवणारा मोड, निवडलेला आहे. ते नंतर टाकलेलं आहे, दुकानातून सीपीयू गेला तेव्हा त्यात नव्हतं. आम्ही सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये केली होती, ६० डिग्रीपर्यंत पंखे ७०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ७०० फेऱ्या, ७५ ला १०००, ८५ च्या पुढे फुल, आणि टेम्परेचर बदललं तरी काही सेकंद थांबूनच स्पीड बदलायचा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे भाऊ, कारण प्रोसेसर एखादी मोठी फाइल उघडली तरी सेकंदात १०-१५ डिग्री उडी मारतो आणि लगेच खाली येतो, पंखा त्याच्या मागे पळायला लागला की कानाला तेच टोचतं. एकसारखा बारीक आवाज थोड्या वेळाने लक्षातही राहत नाही, चढउतार मात्र प्रत्येक वेळी लक्षात येतो. विंडोजमधलं ते सॉफ्टवेअर चालू झालं की बायोसची सेटिंग बाजूला पडते.

आता लाइटवाल्या तीन पंख्यांचं. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन, तुमच्या कामासाठी. ३५० वाले जे पंखे तुम्ही दाखवले होते ते मोठ्या चार पिनच्या मोलेक्स वायरवर चालणारे आहेत, म्हणजे पॉवर सप्लायमधून थेट १२ व्होल्ट, सीपीयू चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकच स्पीड आणि तो फुल. तुमचा जुना मागचा पंखा पण तसाच होता, म्हणून तर तुम्ही आला होता. आम्ही लावलेले दोन्ही पंखे १२० मिमीचे, छोट्या ४ पिनचे पीडब्ल्यूएम आहेत, त्यातल्या चौथ्या वायरवरून मदरबोर्ड सांगतो किती फिरायचं. शांतपणा या सगळ्या हिशोबात आहे, डब्यावर सायलेंट छापलंय म्हणून तो येत नाही. पंख्याचा स्पीड अर्धा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने कमी होतो, आणि तसाच दुसरा पंखा शेजारी जोडला तर फक्त ३ डेसिबल वाढतो. १० डेसिबल कमी झालं तर कानाला आवाज अर्धा वाटतो, यावरून बघा. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन मोठे पंखे हळू फिरवायचे, एक पुढून हवा आत घेणारा आणि एक मागून बाहेर फेकणारा. त्याच दिवशी तुम्ही नॉक्टुआचा पण विचारला होता, तो ऑस्ट्रियाच्या कंपनीचा पंखा खरंच चांगला आहे, पण त्याचे जास्तीचे पैसे तुमच्या कॅबिनेटला लावण्यापेक्षा प्रोसेसरच्या कूलरला लावा असं मी म्हटलं होतं.

आणि इथेच ८८ चं उत्तर आहे. तुमचा प्रोसेसर आय५ १२४०० आहे, बॉक्सवर ६५ वॅट असलं तरी टर्बोला, म्हणजे काम वाढून तो जोरात चालला की, ११७ वॅटपर्यंत जायची त्याला परवानगी आहे, आणि त्याच्यावर कंपनीसोबत आलेला छोटा कूलर आहे. इंटेलने लिमिट १०० डिग्री दिलेली आहे, तिथे पोचला तरच तो स्वतःहून स्पीड कमी करतो, ८८ ला तुमचं रेंडर हळू होत नाही की काही जळत नाही. दुकानात एसी २६ वर होता. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४४-४५, घरात खिडकीतला कुलर लावूनही ३६-३८, आणि पंख्याने कितीही हवा फेकली तरी खोलीच्या हवेपेक्षा थंड काही होऊ शकत नाही, खोलीत जेवढी डिग्री वाढली तेवढी जवळपास सगळी प्रोसेसरवर पण चढते. रेंडरच्या वेळी ८५ च्या पुढे आमचे पंखे पण फुल फिरतात, पण मूळ अडचण त्या छोट्या कूलरची आहे. १२० मिमीचा टॉवर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर उभा बसणारा मोठा कूलर, घ्या असं तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही म्हणाले लग्नसराईचं पेमेंट येऊ द्या, त्यात चूक काहीच नाही. फक्त घेताना ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका, आधी साइडच्या पत्र्यापासून प्रोसेसरपर्यंतची जागा मोजावी लागते, बरेच टॉवर कूलर १५५-१६० मिमी उंच असतात आणि मग पत्रा लागतच नाही.

रबराचं म्हणाल तर ते मुद्दाम लावलंय. कॅबिनेटचा पत्रा पातळ आहे, स्क्रूने पंखा कसला की पंख्याची थरथर पत्र्यात उतरते आणि अख्खा डबा गुणगुणतो, रबरी पिन ती थरथर मध्येच अडवते. पिन तुटली तर पंखा पडेल असं लिहिलंय, ४ पिन आहेत, पंखा पडत नाही. तरी मनात शंका असेल तर सोबतचे स्क्रू तुमच्या पंख्याच्या डब्यातच ठेवलेत, पाकिटात बघा.

बिल असं आहे: दोन पंखे १,४००, पुढची जाळी म्हणजे फिल्टर २५०, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट बदलून, सगळं साफ करून, बसवायची मजुरी ५००. फिल्टरला तुम्ही फालतू खर्च म्हटलंय. भाऊ, तुम्हीच सांगितलं होतं घरामागे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे म्हणून, आणि सीपीयू उघडला तेव्हा कूलरच्या पात्यांमध्ये कापसाचा पातळ थर बसलेला तुम्ही समोर उभं राहून पाहिला. सीझनमध्ये कापूस उडतो, त्यात खिडकीतल्या कुलरची ओलसर हवा सरळ सीपीयूवर येत असेल तर तो चिकटून बसतो. ती जाळी दर १५ दिवसांनी काढून झटका, कापसाच्या सीझनमध्ये आठवड्याला. जाळी भरली की हवा कमी, हवा कमी की पंखे जोरात, सगळी मेहनत वाया.

अजून एक, व्हिडिओत सीपीयू टेबलाच्या कप्प्यात दिसतोय, दार बंद आणि मागची बाजू भिंतीला टेकलेली. मागून निघालेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरून पुढच्या पंख्याने परत आत जातेय. दुकानात तो उघड्या टेबलावर होता, एसी सोडला तर दुकानातला आणि घरातला मोठा फरक हा आहे. माइक पण त्याच टेबलावर आहे, तो सीपीयूपासून आत्ताच्या दुप्पट अंतरावर नेला तरी पंख्याचा आवाज साधारण ६ डेसिबल कमी येईल, त्याला पैसे लागत नाहीत.

तर आता असं करा, ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा, सीपीयू पूर्ण बंद करून परत चालू करा, कप्प्याचं दार उघडा आणि मागे एक वीत जागा सोडा, मग कुठलंही रेंडर न लावता दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. तेव्हाही आवाज वरखाली झाला तर सीपीयू घेऊन या, मॉनिटर आणू नका, नुसता डबा पुरे. सेटिंग परत करून देतो, त्याचे पैसे नाहीत, आणि पंखा खराब निघाला तर नवीन लावून देतो, वॉरंटी चालू आहे. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या, शक्यतो दुपारी १ च्या आत, म्हणजे तुमच्यासमोरच उघडून दाखवता येईल आणि टॉवर कूलरसाठी जागाही मोजून घेता येईल.