‘धक्का नाही, बर्फ नाही, मग हॉकी कसली?’ चोपड्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, महिला आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवरच्या लेखाखाली तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. दरवेळी कॅनडा नाहीतर अमेरिका, मग जागतिक कसली? बायकांच्या खेळात धक्का देता येत नाही, म्हणजे खेळ अर्धाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे बर्फाच्या गप्पा कशाला? आणि पुतणी स्केटिंगला जाते, तिला असली स्वप्नं दाखवू नका. शेवटच्या वाक्यात काळजी दिसली, म्हणून उत्तर सविस्तर देतो आहे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. १९९० साली ओटावाला पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून २०२५ पर्यंत सुवर्णपदक या दोन देशांबाहेर गेलेलं नाही. पण २०१९ चा फिनलंडमधल्या एस्पोचा अंतिम सामना बघा. फिनलंडने उपांत्य फेरीत कॅनडाला ४-२ ने हरवलं आणि अंतिम सामन्यात जादा वेळेत अमेरिकेवर गोलही केला. गोलरक्षकाला अडथळा झाला म्हणून व्हिडिओ पाहून तो रद्द झाला आणि अमेरिका शूटआउटवर, म्हणजे एकेकीने गोलरक्षकासमोर मारलेल्या फटक्यांवर, जिंकली. २०२२ आणि २०२३ चं कांस्य चेक संघाने नेलं. दरी आहे, म्हणूनच स्पर्धेची रचना तशी केली आहे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाने स्लोव्हाकियाला १८-० ने हरवलं होतं. असे सामने कोणालाच काही शिकवत नाहीत. आता दहा संघांतले वरचे पाच ‘अ’ गटात आणि खालचे पाच ‘ब’ गटात खेळतात. ‘अ’ मधले पाचही आणि ‘ब’ मधले पहिले तीन उपांत्यपूर्व फेरीत जातात. जपान किंवा हंगेरीला त्यामुळे आपल्या तोडीचे चार सामने आधी मिळतात.

धक्क्याबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही. १९९० मध्ये अंगावर जाऊन पाडणं चालत होतं, नंतर आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांतून ते काढलं. काढलं ते पाडण्यासाठी मारलेली धडक, अंगाचा स्पर्श नव्हे. दोघी पकच्या (चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चपटी चकती) मागे असतील तर खांद्याला खांदा लागतो, बोर्डाला, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीला, रेटारेटी होते, पंच शिट्टी वाजवत नाही. धडक गेल्यावर उरतं ते कोन साधून कोंडणं, आणि ते धडकेपेक्षा अवघड आहे.

बैल बांधाकडे वळवायचा असेल तर आपण त्याच्या तोंडासमोर जात नाही, आतल्या बाजूने चालतो. बचाव करणारी खेळाडू तेच करते. मैदानाच्या मध्याकडून निघायचं, समोरचीचा वेग आधी जुळवायचा, तिच्या अर्धं पाऊल मागे राहायचं, स्टिकचं पातं बर्फावर ठेवून आत जाणारा पास बंद करायचा आणि तिला बोर्डाकडे लोटत न्यायचं. चूक तीन ठिकाणी होते. सरळ अंगावर गेलं तर ती आतून कापून निघते. घाई करून पुढे गेलं तर ती थांबून उलटी फिरते. आणि उशीर झाला की स्टिक तिच्या पायात जाते, मग दोन मिनिटं बाहेर बसायची शिक्षा आणि गोलरक्षक सोडून संघ पाचाऐवजी चारावर. त्या दोन मिनिटांत गोल बसला तर शिक्षा तिथेच संपते, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

शिस्त अशी की साध्या अदलाबदलीतही सामना जातो. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून धावते आणि बाकावर येते. येणारी बाकापासून दीड मीटरच्या आत पोचेपर्यंत मैदानात जाणारीने उडी मारायची नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या युटिकाला अंतिम सामना ५-५ असताना जादा वेळेत अमेरिकेला नेमकी जादा खेळाडू उतरल्याची शिक्षा झाली आणि कॅनडाच्या डॅनिएल सर्डाक्नीने त्याच पॉवर प्लेवर, म्हणजे समोर एक खेळाडू कमी असताना, सहावा गोल केला. याला अर्धा खेळ कसं म्हणायचं?

आता ऊन. भारताच्या महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय विजय २०१७ साली बँकॉकमध्ये मिळवला, फिलिपिन्सवर ४-३ ने. आशिया चषकातलं पहिलं कांस्य २०२५ च्या उन्हाळ्यात अमिरातीतल्या अल ऐनला मिळालं, म्हणजे वाळवंटात. रिंकला, म्हणजे बर्फाच्या मैदानाला, थंड गाव लागत नाही, यंत्र लागतं. ते यंत्र रावेर-सावद्याकडे कोणाला नवं नाही: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, बऱ्याच ठिकाणी अमोनिया. बर्फाच्या फॅक्टरीत डबे मिठाच्या गार पाण्यात बुडवतात. रिंकमध्ये तसंच गार क्षारपाणी सिमेंटच्या थराखालच्या नळ्यांतून फिरतं आणि वर पातळ पातळ थर देत सुमारे तीन सेंटिमीटर बर्फ धरतात. वरचा पृष्ठभाग उणे पाच-सहा अंशांवर ठेवतात. साठ बाय सव्वीस मीटरला तीन सेंटिमीटर म्हणजे जवळपास त्रेचाळीस हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकर पाच.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाची नाही, पाण्याची आहे. मे महिन्याची कोरडी हवा उलट सोयीची, कारण धुकं धरत नाही आणि छतावरून थेंब पडून बर्फावर गाठी होत नाहीत. जुलैच्या दमट हवेत तेच सगळं होतं, तेव्हा हवा कोरडी करणारं यंत्र वेगळं लावावं लागतं. पण कोरड्या उन्हात कंडेन्सर थंड ठेवायला कूलिंग टॉवर रोज पाणी उडवतो, आणि ते टंचाईच्याच महिन्यांत. बोअरचं जड पाणी तर थेट वापरताच येत नाही. क्षारामुळे बर्फ पांढुरका आणि मऊ होतो, आरओ करूनच घ्यावं लागतं. तेव्हा जळगावला उद्या रिंक होईल असं मी म्हणत नाही. लडाखच्या मुलींनाही थंडीचे दोनेक महिनेच तळ्यांवरचा बर्फ मिळत आला आहे, आणि संघात बहुतेक त्याच आहेत.

पुतणीचं मात्र थांबवू नका. तिच्याकडे दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे क्वाड असतील तर एका रांगेत चार चाकांचे इनलाइन घ्या. झुकणं आणि वळण बर्फाच्या जवळचं असतं. सिमेंटवर कडक चाकं, नाहीतर महिन्यात झिजतात. स्टिक स्केट घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत. पक सिमेंटवर उभा राहून घरंगळतो, म्हणून कडक नारिंगी चेंडू घ्या. मान वर ठेवून चेंडू खेळवणं, पास, कोन धरणं हे सगळं बर्फावर जसंच्या तसं उपयोगी पडतं. पडत नाही ते थांबणं. बर्फावर दोन्ही पाती आडवी घसरवून थांबतात, चाकं तशी घसरत नाहीत. त्यासाठी वर्षाकाठी एकदा गुरुग्राम किंवा डेहराडूनच्या रिंकवर आठवडाभर न्या आणि पहिले दोन दिवस तिला फक्त थांबायलाच लावा, डाव्या बाजूने जितकं तितकंच उजव्या बाजूने.