ग्रँड कॅन्यनमधली ‘शिव’ आणि ‘विष्णू’ मंदिरं: फिरत्या मेसेजला उत्तर

महाशिवरात्र जवळ आली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनमध्ये, शिव, विष्णू, ब्रह्मा, राम, कृष्ण यांची मंदिरं आहेत. ही नावं हजारो वर्षांपासून चालत आलेली आहेत. ते सुळके म्हणजे झिजलेली देवळंच, असा आकार निसर्ग घडवूच शकत नाही. तिथल्या सर्वांत जुन्या खडकाला शास्त्रज्ञांनीही विष्णूचं नाव दिलंय. १९०९ मध्ये तिथे मूर्ती असलेली गुहा सापडली होती, ती सरकारने दडवली, आणि म्हणूनच तो भाग लोकांना बंद आहे. सोबत मावळतीच्या उन्हात तांबूस झालेल्या एका सुळक्याचा फोटो.

मी शाळेत भूगोल शिकवते. यंदा वर्गातल्या एका मुलीने हा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. त्यांचं ते कुतूहल विझू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून मी पुढे जाणार नाही. फोटो खरा आहे. नावंही खरी आहेत, अधिकृत नकाशांवर छापलेली आहेत. चूक आहे ती त्यापुढच्या सगळ्यात.

आधी नावांचं बघू. ती हजारो वर्षांची नाहीत, दीडशेचीही नाहीत. क्लॅरेन्स डटन हा अमेरिकी सैन्यातला कॅप्टन आणि भूवैज्ञानिक. १८६९ मध्ये होड्यांमधून कोलोराडो नदी उतरून गेलेल्या जॉन वेस्ली पॉवेल यांच्या सर्वेक्षणात तो काम करत होता. १८८०च्या सुमारास तो या दरीच्या काठावर हिंडला आणि १८८२ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ नकाशांसह प्रसिद्ध झाला. विष्णू टेंपल, शिवा टेंपल ही नावं त्याची. एकावर एक चढत, आत घेत गेलेले ते टप्पे बघून त्याला पूर्वेकडच्या देवळांची आठवण झाली. त्याच्या मागून आलेल्या नकाशाकारांनी तोच पायंडा पुढे चालवला. म्हणून तिथे बुद्ध, कन्फ्यूशियस, झोरोआस्टर (पारशांचा जरथुष्ट्र) आणि मनू यांचीही टेंपल आहेत. ईजिप्तचे आयसिस, ओसायरिस आहेत, चीऑप्सचा पिरॅमिड आहे, रोमनांचे ज्युपिटर आणि व्हीनस आहेत. विष्णू टेंपलच्या शेजारीच जर्मन लोकांच्या वोटान देवाचं सिंहासन आहे, आणि आर्थर राजाच्या कथांमधला लान्सलॉटही आहे. नावावरून वस्ती ठरवायची तर हे सगळेच तिथे नांदून गेले असं म्हणावं लागेल. आपल्या शिखरांचं रूप एका परक्या माणसाच्या मनात इतकं ठसलेलं होतं, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

आता ‘असा आकार निसर्ग घडवूच शकत नाही’ हा दावा. इथे जरा सावकाश जायला हवं, कारण खरी नवलाई इथेच आहे.

ग्रँड कॅन्यन म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून खोल गेलेली घळई. काठावर उभं राहिलं की पायाखाली कायबॅब चुनखडक असतो, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेला. त्यात स्पंज आणि शिंपल्यांसारख्या प्राण्यांचे जीवाश्म मिळतात, तेही समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर. त्याखाली कोकोनिनो वालुकाश्म आहे. तो थर म्हणजे एका वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या. त्यांच्या उतारांवरून चालत गेलेल्या चार पायांच्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे अजून दिसतात. त्याखाली मऊ हर्मिट शेल (शेल म्हणजे गाळ घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक), मग सुपाई गटाचे तांबडे थर, मग रेडवॉल चुनखडकाचा उभा कडा. हा रेडवॉल मुळात करडा. वरच्या थरांमधलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून त्याच्या अंगावर बसलंय, म्हणून तो लाल दिसतो.

कठीण थर आणि मऊ थर असे आलटून पालटून येतात, आणि देवळाचा आकार त्यातूनच निघतो. चुनखडक आणि वालुकाश्म त्या कोरड्या हवेत ताठ उभे राहतात, त्यांचे कडे होतात. शेल भुसभुशीत, त्याचा उतार होतो. खालचा मऊ थर झिजला की वरचा कडा आधार सुटून कोसळतो आणि भिंत मागे सरकते. हिवाळ्यात भेगांमधलं पाणी गोठून फुगतं, दगड फोडतं. उन्हाळ्यातल्या वादळी पावसात बाजूच्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात. नदी खाली खाली कापत जाते आणि हे ओढे दोन्ही अंगांनी पठार पोखरतात. दोन ओढ्यांच्या मधे पठाराची जी जीभ उरते, ती मुळाशी तुटली की सुळका सुटा होतो. चारी बाजूंनी तेच थर त्याच क्रमाने असल्यामुळे तो चारी बाजूंनी सारखाच पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. विष्णू टेंपल हा असा सुटलेला तुकडा आहे. त्याचे थर समोरच्या कड्याशी एकेक करून जुळवून बघता येतात. कुणी रचलेलं बांधकाम असतं तर ते जुळले नसते.

पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आपल्याला नवे आहेत का? सह्याद्रीचे कडे बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे थर असमान झिजले आणि असेच टप्पे तयार झाले. ‘डेक्कन ट्रॅप’ मधला ट्रॅप हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. दगडातून कोरलेलं देऊळ कसं असतं हे तर मराठी माणसाला कुणी सांगायलाच नको. वेरूळचं कैलास आठव्या शतकात कळसापासून खाली कोरत आणलं. तिथे छिन्नीचे घाव आहेत, खांब आहेत, गाभारा आहे, जिने आहेत. शिवा टेंपलच्या सपाट माथ्यावर पाइनची झाडं आहेत आणि कायबॅब चुनखडक आहे. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तिथे मोहीम नेली होती. माथ्यावर एकटे पडलेले प्राणी वेगळे झालेत का, हे त्यांना बघायचं होतं. प्राणी काठावरच्यासारखेच निघाले. देऊळ कुणाला दिसलं नाही.

‘विष्णू’ नावाच्या खडकाबद्दल थोडंच सांगायचंय. दरीच्या तळाशी विष्णू शिस्ट नावाचा काळपट रूपांतरित खडक आहे. चार्ल्स वॉलकॉट या भूवैज्ञानिकाने ते नाव दिलं, ते जवळच्या विष्णू टेंपलवरून. खडकाला जवळच्या ठिकाणाचं नाव देण्याची भूविज्ञानात रीतच आहे. त्याचं वय सुमारे १७५ कोटी वर्षं. दक्षिण काठावर एक पायवाट आहे, तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं प्रमाण धरून धातूच्या खुणा बसवल्यात. या खडकाच्या वयापर्यंत पोहोचायला १,७५० मीटर चालावं लागतं. नदीने आजची दरी मुख्यतः गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत कोरली, म्हणजे पहिल्या पाच-सहा मीटरमध्ये. पाच हजार वर्षांची सगळी मानवी संस्कृती तिथे तांदळाच्या एका दाण्याएवढी.

१९०९ची बातमी मात्र खरोखर छापून आली होती. फिनिक्सच्या ‘ॲरिझोना गॅझेट’मध्ये, ५ एप्रिलला. किंकेड नावाच्या माणसाला स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या मोहिमेत प्रचंड गुहा सापडली, आत ममी होत्या, बुद्धासारखी एक मूर्ती होती, असं त्यात म्हटलंय. त्यातला रोख ईजिप्तकडे आहे, शिवमंदिराकडे नाही. या मोहिमेची कसलीही नोंद स्मिथसोनियनकडे नाही. तिथून आणलेली एक वस्तू, एक छायाचित्र आजवर पुढे आलेलं नाही. आणि १९०९ मध्ये त्या संस्थेचे प्रमुख कोण होते? तेच चार्ल्स वॉलकॉट. याच दरीत अख्खा हिवाळा काढून त्यांनी इथले थर तपासले होते. इथल्या शोधाचं मोल त्यांच्याइतकं कुणाला कळलं असतं?

राहिला ‘बंद भाग’. विष्णू टेंपलवर १९४५ मध्ये गिर्यारोहक पोहोचले, झोरोआस्टरवर १९५८ मध्ये, आणि आजही लोक चढतात. बंद आहेत त्या गुहा, एक वगळता सगळ्या, नाव काहीही असो. वटवाघळं आणि आतले प्राचीन अवशेष जपायचे म्हणून.

ते अवशेष कुणाचे, हे न विचारणं ही या मेसेजची सर्वांत दुखावणारी बाजू आहे. इथल्या गुहांमध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, विलोची डहाळी उभी चिरून, वाकवून केलेल्या हरणासारख्या छोट्या आकृती सापडल्यात. नदीवरच्या कड्यात धान्याची कोठारं आहेत. होपी, पायूट, हवासुपाई हे या भागातले मूळ रहिवासी. होपी लोकांच्या श्रद्धेप्रमाणे माणूस या जगात वर आला तो याच दरीतून. ‘कायबॅब’ हाच मुळी पायूट शब्द, अर्थ ‘आडवा पडलेला डोंगर’. हवासुपाई म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं, ती आजही दरीच्या आत गाव करून राहतात. देवळांची मालकी सांगताना आपण नकळत या लोकांना त्यांच्याच घरातून पुसून टाकतो.

ब्राइट एंजल वाटेने सात किलोमीटर उतरलं की झऱ्याकाठी एक हिरवी जागा लागते. हवासुपाई तिथे शेती करत. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना हटवलं, शेवटच्या माणसाला १९२८ मध्ये तिथून निघावं लागलं. पुढे कित्येक वर्षं नकाशावर तिचं नाव ‘इंडियन गार्डन’ होतं. त्या लोकांनी मागणी केली आणि २०२२ मध्ये ते बदललं. आता ती जागा ‘हवासुपाई गार्डन्स’ आहे.