कोर्टाचा खर्च आरोपीकडून? इंग्लंडने करून बघितलंय

'गुन्हा केलाय ना, मग कोर्टाचा खर्चपण त्यालाच भरू दे की, आपल्या टॅक्समधून कशाला?' परवा एका ग्रुपवर हे वाचलं, खाली धडाधड लाइक्स. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. इंग्लंडच्या सरकारलाही वाटलं होतं.

एप्रिल २०१५ मध्ये तिथले न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी दोषी ठरणाऱ्या प्रौढांवर कोर्टाचा चार्ज लावला. म्हणजे दंड वेगळा, पीडितांसाठीचा सरचार्ज वेगळा, सरकारी वकिलाचा खर्च वेगळा आणि त्यावर हा. किरकोळ गुन्हा लगेच कबूल केला तर १५० पौंड, पण 'मी केलं नाही' म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर केस लढलात आणि हरलात तर ५२० ते १,०००, क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या वरच्या कोर्टात हरलात तर १,२००. आता मला सांगा, हातावर पोट असलेला माणूस निर्दोष असला तरी काय करेल? मुकाट्याने 'हो केलं' म्हणेल आणि सुटेल. बरं, तिथे दंड माणसाची आठवड्याची कमाई बघून ठरवतात, चांगली पद्धत आहे, पण हा चार्ज ठरलेला म्हणजे ठरलेला, कमी करायचा अधिकार मॅजिस्ट्रेटलाही नाही.

एका बाईने भुकेपोटी ७५ पेन्सची चॉकलेटं चोरली. दंड ७३ पौंड, चार्ज १५०, सरकारी वकिलाचे ८५, सरचार्ज २०, वर दुकानदाराचे ७५ पेन्स. एकूण ३२८ पौंड ७५ पेन्स! जिच्याकडे खायला पैसे नाहीत तिच्याकडून हे वसूल कोण आणि कसं करणार होतं देव जाणे.

तिथले बहुतेक मॅजिस्ट्रेट बिनपगारी काम करतात, आपापला नोकरीधंदा सांभाळून. त्यातल्या पन्नासहून जास्त जणांनी यावरून राजीनामे दिले. लेस्टरमध्ये एकाने तर परदेशातून आश्रय मागायला आलेल्या माणसाच्या चार्जसाठी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायची तयारी दाखवली, तर त्यालाच सस्पेंड केलं. शेवटी ग्रेलिंग यांच्याच पक्षाचे मायकल गोव्ह न्यायमंत्री झाले आणि २४ डिसेंबर २०१५ ला चार्ज बंद. वर्षसुद्धा टिकला नाही.

आणि गाडी कुठेही लावणाऱ्यांनी हसू नका. अमेरिकेत फर्ग्युसन नावाच्या शहरातल्या पोलीस आणि कोर्टाच्या कारभारावर तिथल्या न्याय खात्याचा रिपोर्ट आला, तोही २०१५ चाच. एका बाईला २००७ मध्ये चुकीच्या पार्किंगसाठी १५१ डॉलर दंड आणि वर फी. तारखेला आली नाही, हप्ता चुकला की फी वाढव, वॉरंट काढ, असं करत तिने ५५० डॉलर भरले, सहा दिवस जेलमध्ये काढले, आणि सात वर्षांनी बाकी किती? ५४१! शहराच्या बजेटमध्ये कोर्टाच्या वसुलीचा आकडा आधीच धरलेला असायचा. मग पोलीस गुन्हे शोधणार की गिऱ्हाईक?

आपल्याकडे सरकारी खटल्यात दोषीला असं कोर्टाचं बिल देत नाहीत, दंड असतो आणि नाही भरला तर जादा कैद. पण तेवढ्यानेही माणसं अडकतात, शिक्षा संपली तरी दंडासाठी आतच. म्हणून २०२३ च्या बजेटमध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणावी लागली, त्यात २५ हजारांपर्यंतचा दंड सरकारच भरतं. म्हणजे नुसता दंड झेपत नाही म्हणून ज्याच्यासाठी टॅक्समधून पैसे काढतोय, त्याच्याच नावावर अजून एक बिल फाडायचं म्हणताय तुम्ही.