‘वॉचमनला कसला आलाय कायदा?’ : ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सरकारी इमारतींवर सुरक्षा रक्षक किती हवेत, त्यांचं प्रशिक्षण काय, पाळी किती तासांची, हे बांधून देणारा कायदा करा, अशी मागणी आहे. तिच्याविरुद्धचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: दारात बसायला प्रशिक्षण लागत नाही, कॅमेरे पुरेत, वॉचमनला अधिकारच नसतो, कायदा आधीच आहे, अमेरिकेतसुद्धा गार्ड नापास झाले, आणि असा कायदा झाला तर गरीब माणूसच दारात अडेल, वर खर्च वाढेल. चांगल्या, जाणत्या माणसांनीही तो पुढं पाठवलाय, म्हणून हे लिहितोय.

‘दारात बसायला कसलं प्रशिक्षण?’ खासगी सुरक्षा एजन्सींचा केंद्रीय कायदा 2005 चा. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नव्या रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष जागेवर, किमान 20 कामाच्या दिवसांत, असं प्रशिक्षण सांगितलंय. विषय बघा: आग विझवणं, गर्दी आवरणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, घातपाती वस्तू ओळखणं. ही यादी उगाच झालेली नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, संगीतनट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचं कोल्हापुरातलं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात 1915 साली उभं राहिलेलं ते वैभव जळताना बघून अख्खं गाव हळहळलं. सार्वजनिक इमारतीत रात्री धूर सगळ्यात आधी दिसतो तो पहाऱ्यावरच्या माणसाला. वीज कुठून तोडायची, अग्निशमन नळकांडं कसं वापरायचं, दुसरा दरवाजा कुठं आहे, हे त्याला ठाऊक असणं आणि नसणं यात फार मोठं अंतर आहे. हे मी त्या एका आगीवर बोट ठेवून म्हणत नाही. रात्री कुलूप लागणाऱ्या प्रत्येक सरकारी इमारतीला ते लागू आहे.

‘कॅमेरे लावा, काम भागतं.’ कॅमेरा झालेलं दाखवतो. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणामुळं आरोपी लवकर सापडला, पण रात्री आत शिरताना त्याला कुणी अडवलं नाही. आणि तो नागरी स्वयंसेवक म्हणून पोलिसांसोबतच काम करणारा होता. पुढं सप्टेंबरच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानं बंगाल सरकारला धारेवर धरलं. सात दिवसांचं प्रशिक्षण दिलेल्या कंत्राटी माणसांवर रुग्णालयांची सुरक्षा कशी काय सोपवता, हा न्यायालयाचा सवाल होता. आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रात्री ड्युटी करणाऱ्या मुली आपल्याच घरातल्या आहेत. त्यांच्यासाठीही हाच सवाल विचारायला नको का?

‘वॉचमनला अधिकारच नसतो.’ पोलिसाचे अधिकार नसतात, हे खरं. पण डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणताही नागरिक आरोपीला धरू शकतो. सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये हे आहे. रक्षकाला हे शिकवलेलं नसेल तर तो एक तर बघत उभा राहील, नाहीतर मारहाण करून स्वतःच गुन्ह्यात अडकेल.

आता मेसेजमधला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा: ‘कायदा आधीच आहे.’ आहे, आणि एक नाही, तीन आहेत. 1981 च्या राज्य कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं, 2005 च्या केंद्रीय कायद्याखाली खासगी एजन्सी, 2010 च्या राज्य कायद्याखाली महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान. दारात उभा असलेला माणूस यातला कुठला, यावर त्याची निवड, प्रशिक्षण, पगार बदलतो. पण 2005 चा कायदा बांधतो तो एजन्सीला. माणूस ठेवून घेणाऱ्या कार्यालयाला अमुक दरवाज्यांवर अमुक माणसं ठेवा, असं तो कुठंही सांगत नाही. ते ठरतं निविदेत, आणि निविदा जाते सगळ्यात कमी दराकडं.

इथं थोडा हिशेब मांडतो, कारण दुखणं इथंच आहे. एक दरवाजा रात्रंदिवस सांभाळायचा तर आठवड्याचे 168 तास होतात. आठ तासांची पाळी आणि एक सुट्टी धरली की एका माणसाचे तास 48. म्हणजे एका दरवाज्याला साडेतीन माणसं लागतात, आणि यात आजारपण, सणवार, रजा धरलेलीच नाही. निविदेत एका जागेला दोनच माणसं दाखवली असतील तर त्याचा अर्थ उघड आहे: बारा तासांची ड्युटी, सुट्टी नाही, आणि जोडीदार आला नाही की डबल. चोवीस तास जागा असलेला माणूस पहाटे चारला काय राखणार? तो झोपलेला दिसला की आपण त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. तो साडेतीनऐवजी दोघांत भागवण्याचा हिशेब ज्यानं केला, त्याचा फोटो कुणी टाकत नाही. माणसांची संख्या कायद्यात बांधून द्या, ही मागणी यासाठीच आहे.

‘अमेरिकेत गार्ड नापास झाले.’ झाले खरे. तिथं केंद्र सरकारच्या इमारतींवर हजारो कंत्राटी रक्षक आहेत. 2009 मध्ये सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेचे लोक बाँबचे सुटे भाग घेऊन दहाच्या दहा इमारतींत शिरले. पुढं 2024 मध्ये 27 गुप्त चाचण्या घेतल्या, तेव्हाही जवळपास निम्म्या वेळा मनाई असलेली वस्तू आत गेली. मेसेज इथंच थांबतो. पण हे जगाला कळलं ते त्यांनी परीक्षा घेतली आणि निकाल जाहीर केला म्हणून. आपल्या 2005 च्या कायद्यात एजन्सीचं कार्यालय आणि दप्तर तपासायची सोय आहे. दारावरच्या बंदोबस्ताची अशी गुप्त परीक्षा घेणं तो कुणालाही बंधनकारक करत नाही. ते कलम आपल्याला हवंच.

‘गरीब माणूस दारात अडेल.’ ही भीती मला खोटी वाटत नाही. दसरा चौकातून निघालेला मोर्चा कलेक्टर कचेरीच्या दारात पोचतो, हा या जिल्ह्याचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं तेव्हापासून सहा जिल्ह्यांतले पक्षकार इथं येतात, समोर सीपीआरमध्ये खेड्यापाड्यांतले पेशंट. मात्र सातबारा हातात घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला ‘ए, कुठं चाललास’ म्हणणारा रक्षक हा बहुतेक वेळा काहीच न शिकवलेला, थकलेला, वरच्याच्या धाकातला माणूस असतो. नमुना नियमांतल्या त्या यादीत सगळ्यात वर जो विषय आहे, तो लोकांशी वागणुकीचा.

राहिला खर्च. तो वाढेल, हे मान्यच करायला हवं. किती वाढेल, हे अंदाजानं भांडण्यापेक्षा आपापल्या तालुक्यातल्या कार्यालयाकडं माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज टाका: रक्षकांच्या जागा किती, प्रत्यक्ष माणसं किती, पाळी किती तासांची, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं कुणाकुणाची आहेत. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मिळालेलं उत्तर त्याच ग्रुपवर टाका, जिथं हा मेसेज आलाय.