ओटो रेहागेलला 'बोरिंग कोच' म्हणणाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

फुटबॉलच्या युरो कपचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, २००४ ची ग्रीस म्हणजे सगळ्यात रटाळ चॅम्पियन, दहा जण मागे उभे केले, एक कॉर्नर मिळाला, हेडर मारला आणि कप घेऊन गेले. आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, तो म्हातारा जर्मन कोच रेहागेल, डिफेंडरच तो, त्याला दुसरं येणार काय. मला याचा खरंच राग येतो. टीका करू नये असं नाही, पण ज्या माणसाची सगळी कारकीर्द समोर आहे त्याला तीन मॅचवरून निकालात काढायचं हे बरोबर नाही.

रेहागेल एसेनचा, म्हणजे जर्मनीच्या कोळसा पट्ट्यातला, जन्म १९३८. कोळशाच्या खाणीत रंगारी म्हणून काम शिकला आणि तिथल्याच टीममधे खेळायला लागला. पुढे रोट-वाइस एसेन, मग बर्लिनची हेर्था, मग कायझर्सलाउटर्न. १९६३ मधे बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सगळ्यात वरची लीग, सुरू झाली तेव्हा अगदी पहिल्या दिवशी मैदानात उतरलेल्यांपैकी हा एक. बुंडेसलिगाच्या २०१ मॅच खेळला. स्टार वगैरे कधीच नव्हता, कडक बॅक, समोरच्या फॉरवर्डला चिकटून राहायचं आणि त्याला बॉल लागू द्यायचा नाही, एवढं काम चोख करणारा.

कोच म्हणून सुरुवातीच्या वर्षांतच मात्र एक भयंकर दिवस आला. १९७८ चा एप्रिल, सीझनची शेवटची मॅच, हा डॉर्टमुंडचा कोच आणि मोन्शेनग्लाडबाखने त्यांना १२-० ने हरवलं. बारा गोल! बुंडेसलिगातला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव हाच आहे. लगेच नोकरी गेली, पेपरवाल्यांनी यथेच्छ टिंगल केली. दुसरा कुणी असता तर तिथेच संपला असता, पण दोनच वर्षांत फोर्टुना ड्युसेलडोर्फला घेऊन हा माणूस जर्मन कप जिंकला.

आणि मग ब्रेमेन. इथे मला जरा थांबायचंय कारण 'बोरिंग' म्हणणाऱ्यांना हा भाग माहीतच नसतो. १९८१ ला वेर्डर ब्रेमेनला आला तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनमधे होती, त्यांना वर आणलं आणि सलग १४ वर्षं तिथेच राहिला. रुडी फोलर इथेच मोठा झाला. मग रीडले, मग न्यूझीलंडचा विंटन रुफर, म्हणजे न्यूझीलंडचा फॉरवर्ड युरोपात एवढा मोठा होऊ शकतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात तरी होतं का? दोनदा लीग हातातून गेली ती फक्त गोल डिफरन्सवर, म्हणजे पॉइंट सारखे पण मारलेल्या-खाल्लेल्या गोलच्या फरकात मागे, १९८३ ला हॅम्बुर्गकडे आणि १९८६ ला बायर्न म्युनिककडे. ८६ ची तर अंगावर येते, शेवटून दुसरी मॅच, समोर बायर्नच, शेवटची काही मिनिटं उरलेली, पेनल्टी मिळाली, कुत्सोपने मारली आणि बॉल पोस्टला लागून बाहेर. ती गेली असती तर तिथेच चॅम्पियन. पुढची मॅच श्टुटगार्टला हरले आणि सगळं गेलं. तरी माणूस टिकून राहिला, १९८८ आणि १९९३ ला लीग जिंकली, १९९१ आणि १९९४ ला कप, आणि १९९२ ला लिस्बनमधे मोनॅकोला २-० हरवून युरोपचा कप विनर्स कप.

त्या ब्रेमेनच्या युरोपातल्या घरच्या मॅच बघा एकदा. तिथे एकाच टीमशी दोन मॅच असायच्या, एक त्यांच्याकडे, एक घरी. स्पार्टाक मॉस्कोकडे ४-१ ने हरून आले आणि घरी एक्स्ट्रा टाइममधे ६-२. पूर्व बर्लिनच्या डायनॅमोकडे ३-० ने हरले, घरी ५-०. आणि १९८९ ला मॅराडोनाची नापोली, जी तेव्हा युएफा कपची चॅम्पियन होती, तिला आधी नेपल्समधे ३-२ आणि मग ब्रेमेनला ५-१. हा काय मागे बसून खेळणारा कोच आहे?

बायर्नला मात्र जमलं नाही, ते मान्य करायलाच पाहिजे. १९९५ ला गेला, क्लिन्समन, पापां, स्फोर्झा, कान, सगळे मोठे लोक, आणि त्याची पद्धत अशी की टीम म्हणजे घर आणि मी कर्ता माणूस, सगळे माझं ऐकणार. ब्रेमेनला ते चाललं, म्युनिकला नाही चाललं. १९९६ च्या एप्रिलमधे, युएफा कपची फायनल काही दिवसांवर असताना काढून टाकलं, क्लबचा अध्यक्ष बेकेनबाउर स्वतः कोच झाला आणि कप त्याच्या हातात गेला. फायनलपर्यंत आणलेल्या माणसाला असं काढणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पण पुढे जे झालं ते बघा. त्याच वर्षी त्याचा जुना क्लब कायझर्सलाउटर्न सेकंड डिव्हिजनमधे घसरला होता. हा तिथे गेला, एका वर्षात वर आणलं आणि १९९७-९८ सीझनची पहिलीच मॅच कुठे, तर म्युनिकला, बायर्नच्या घरी. १-० ने जिंकले. आणि सीझन संपला तेव्हा बायर्नपेक्षा दोन पॉइंट जास्त घेऊन चॅम्पियन! सेकंड डिव्हिजनमधून वर आल्याबरोबर लगेच बुंडेसलिगा जिंकणारी ही एकमेव टीम, आधी नाही आणि नंतरही नाही. मार्शालने २१ गोल मारले त्या सीझनला, आणि मिशाएल बालाक नावाचा एक तरुण पोरगा, पुढे जर्मनीचा कॅप्टन झाला तो, पण त्याच टीममधे होता.

आता ग्रीस. २००४ च्या आधी ग्रीसने मोठ्या स्पर्धेत एकही मॅच जिंकली नव्हती, १९९४ च्या वर्ल्डकपला तीन मॅच, शून्य गोल, दहा खाल्ले. रेहागेलची पहिली मॅच फिनलंडविरुद्ध, ५-१ हरले. युरो क्वालिफायिंगच्या पहिल्या दोन पण हरले, आणि मग सलग सहा जिंकून स्पेनच्या वर, ग्रुपमधे पहिले. हे नशिबाने होतं का?

त्याने काय केलं तर बाकी सगळं जग झोनल डिफेन्सवर, म्हणजे प्रत्येकाने आपापला भाग सांभाळायचा यावर, गेलेलं असताना जुनं मॅन मार्किंग, म्हणजे एकेकाने एकेका माणसाला चिकटायचं, परत आणलं, आणि सगळ्यांच्या मागे डेलासला स्वीपरसारखा, सुटलेला बॉल साफ करायला, ठेवला. सेइतारिडिस फ्रान्सचा स्टार फॉरवर्ड ऑन्रीला चिकटला तो सुटलाच नाही. ऑन्री आणि मंडळींना असं पूर्ण मॅच अंगाला चिकटलेल्या माणसाशी खेळायची सवयच राहिली नव्हती. फ्रान्स १-०, चेक १-०, पोर्तुगाल १-०, तिन्ही गोल हेडर. फायनल संपली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती, ग्रीसचा कॅप्टन झागोराकिसने कप उचलला आणि मी एकटाच टाळ्या वाजवत होतो कारण घरात सगळे झोपलेले. आणि गोल मारणारा खारिस्तेआस कुठल्या क्लबचा, तर ब्रेमेनचा, आणि तिथे तो बहुतेक वेळ बेंचवर.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोलर-रुफर हाताशी होते तेव्हा त्याने पाच-पाच, सहा-सहा गोल मारले आणि झागोराकिस-डेलास हाताशी होते तेव्हा एकेक गोलवर कप आणला. ग्रीसच्या त्या पोरांना घेऊन त्याने खुला गेम खेळायला पाहिजे होता असं म्हणणाऱ्याने चेक टीमची ती लाइनअप परत वाचावी, नेडवेड, रोसित्स्की, पोबोर्स्की, कोलर, बारोश. त्या स्पर्धेत सगळ्यात भारी खेळत होते ते. त्यांच्याशी खुलं खेळला असता तर चार खाऊन घरी गेला असता आणि आज त्याचं नावही कुणाला आठवलं नसतं.

त्याच युरोनंतर फोलरने जर्मनीचं कोचपद सोडलं, जर्मन फेडरेशनने रेहागेलला विचारलं आणि हा नाही म्हणाला, ग्रीसबरोबरच राहिला. २०१० ला त्यांना वर्ल्डकपला नेलं आणि नायजेरियाविरुद्ध ग्रीसचा वर्ल्डकपमधला पहिला गोल आणि पहिला विजय, दोन्ही एकाच मॅचमधे.

ज्यांना अजूनही पटत नसेल त्यांनी आधी ब्रेमेन-नापोली ५-१ बघा आणि मग चेकविरुद्धची सेमीफायनल हायलाइट्स नाही, पूर्ण बघा, विशेषतः डेलास बॉल यायच्या आधी कुठे जाऊन उभा राहतो ते. मग या कमेंटमधे भांडायला, मी आहेच.